पावसात मिसिंग मारणारी जुनी गाडी: प्लग वायर खरंच गेली का, आणि नवी कुठली घ्यायची

जून लागला की जुन्या पेट्रोल गाड्यांची एकच तक्रार सुरू होते. "सपाटीला काय बी न्हाई, चढाला लागली की गचके देत्या." पन्हाळ्याला निघालेली गाडी वाघबीळच्या पुढे दम टाकते, नाहीतर गगनबावड्याच्या पावसात घाट लागायच्या आधीच फटफट करायला लागते. मारुती ८००, ओम्नी, प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल ॲम्बेसिडर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरपासून (सिलिंडरना पाळीपाळीने वीज वाटणारा भाग) प्लगपर्यंत (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा) लांब वायरी गेलेल्या सगळ्या गाड्या यात आल्या. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (बॅटरीचं व्होल्टेज हजारांत वाढवणारी) बसवलेल्या नव्या गाड्यांना यातलं बरंचसं लागू नाही.

बहुतेक जण वायरचा सेट आणून घालतात. आठवडाभर गाडी बरी चालते आणि पुढच्या जोरदार सरीत परत तेच. मग दोष वायरीत नव्हताच, किंवा आणलेली वायर त्या गाडीच्या जोगी नव्हती. दुसरा प्रकार लोकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त, कारण दुकानात वायर बघितली जाते ती रंग आणि जाडीवरून.

लक्षणं

पहाटे किंवा ओलसर हवेत गाडी चालू व्हायला कुरकुरते, चालू झाली की एका सिलिंडरवर मिस मारते (म्हणजे तिथे पेट्रोल पेटत नाही), आणि इंजिन चांगलं तापलं की सुधारते. सायलेन्सरला हात लांबून धरला तर ठरावीक ठेक्यात एक ठोका गळाल्यासारखा वाटतो. तिसऱ्या गिअरमध्ये चढाला ॲक्सिलरेटर दाबला की झटके येतात, पाय थोडा उचलला की गाडी सुतासारखी सरळ. रेडिओ असेल तर इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारी खरखर. अंधारात बॉनेट उघडलं तर टिक-टिक आवाज आणि कुठेतरी निळसर चमक. ॲव्हरेज पडणं आणि धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येणं हेही यातच.

आता जी लक्षणं प्लग वायरीची नाहीत तीही बघून घ्या, म्हणजे उगाच खर्च होणार नाही. अर्धा-पाऊण तास नीट चालून गाडी एकदम बंद पडते आणि थंड झाली की परत चालू होते, तर कॉइल, कंडेन्सर (डिस्ट्रिब्युटरला जोडलेला छोटा कॅपॅसिटर) किंवा पेट्रोलच्या पंपाकडे बघा. हायवेला ८० च्या पुढे गाडी हळूहळू मरत जाते, झटका बसत नाही, तर पेट्रोल कमी पडतंय. ठिणगीचा दोष झटक्यासारखा, तुटक येतो. पेट्रोलचा दोष दम लागल्यासारखा हळूहळू येतो. हा फरक स्टिअरिंगवर बसलेल्याला कुठल्याही मीटरशिवाय कळतो.

चढालाच का, तर त्याला कारण आहे. ॲक्सिलरेटर जास्त उघडला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं आणि दाब वाढतो. दाट हवेतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. आयडलला, म्हणजे पाय न लावता इंजिन नुसतं चालू असताना, दहा-बारा हजार व्होल्टवर भागत असेल तर चढाला वीस हजारांच्या घरात जावं लागतं. ते वाढलेलं व्होल्टेज प्लगमधून जाण्याऐवजी वायरीच्या चिरलेल्या आवरणातून, नाहीतर डिस्ट्रिब्युटरच्या ओल्या टोपीवरून, म्हणजे कॅपवरून, जवळच्या लोखंडात उडी मारतं. वीज सोपी वाट शोधते, आणि पावसाळ्यात अशा वाटा भरपूर असतात.

तपासणी, फुकटपासून महागापर्यंत

पहिली गोष्ट डोळ्यांनी आणि हातांनी, इंजिन बंद आणि थंड असताना. प्रत्येक वायर दोन्ही टोकांना नीट बसली आहे का बघा. प्लगवर रबरी बूट दाबला की आत 'टक' असं लागलं पाहिजे. नुसतं रबर चढलंय आणि आतली क्लिप वरच लटकतेय, असं फार वेळा असतं. प्लगच्या डोक्यावरचा छोटा नट बोटाने फिरवून बघा. बऱ्याच प्लगना तो वेगळा निघणारा असतो आणि सैल राहिला की हुबेहूब खराब वायरीसारखं मिसिंग होतं. पक्कडीने हलका आवळला की काम झालं, खर्च शून्य.

मग वायरीचा रस्ता बघा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (धूर बाहेर नेणाऱ्या तापत्या नळ्यांना) टेकली असेल तर तिथे आवरण कडक, चकचकीत किंवा भाजल्यासारखं दिसतं. टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) गॅस्केटमधून तेल पाझरत असेल तर बूट तेलात भिजून फुगतो आणि मऊ पडतो. अशा ठिकाणी आधी गॅस्केट, मग वायर, नाहीतर नवा बूटही सहा महिन्यांत तसाच होणार. उसाच्या पट्ट्यात, शेताला लागून गाडी उभी असेल तर उंदरांचे दात शोधा. ते बहुधा वायरीच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला असतात, त्यामुळे वायर फिरवून बघायची.

काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली दिसली तर तीच जागा दोषाची समजा. साधी पीव्हीसी टेप सहाशे व्होल्टपर्यंतची असते. इथे काम हजारांत आहे. टेपेखाली ओल मात्र धरून राहते.

दुसरी पायरी कोरडं करून बघण्याची. डिस्ट्रिब्युटर कॅपच्या क्लिपा किंवा स्क्रू काढा, वायरी न काढता कॅप उलटी करा आणि स्वच्छ सुती फडक्याने आतून-बाहेरून पुसा. कॉइलचं तोंड पुसा. वायरी अख्ख्या लांबीभर पुसा. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीच्या बाजूला रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर बारीक काळी धूळ बसते. ती कोरडी असताना काही करत नाही, ओली झाली की वीज वाहून नेते. पाणी हटवणारा स्प्रे वापरलात तर तो उडून जाईपर्यंत चावी फिरवू नका. ते स्प्रे पेट घेतात. पेट्रोलने किंवा रॉकेलने पुसू नका. रबर फुगतं, आणि कॅपखाली साठलेली वाफ ठिणगीने पेटली तर कॅपच उडते. नुसतं पुसून गाडी सुधारली तर ओल हे कारण पक्कं झालं, पण ओल कुठल्या चिरेतून आत जाते ते अजून शोधायचंय. गाडी वॉशिंग सेंटरवरून आल्या आल्या बिघडली असेल तर प्लगच्या खोबणीत पाणी साठलंय का ते आधी बघा.

तिसरी पायरी, कुठला सिलिंडर मेलाय ते शोधणं. चालू इंजिनवर एकेक वायर उपटून बघायची जुनी सवय सोडा. झटका तर बसतोच, पण वायर मोकळी राहिली की व्होल्टेज कॉइलच्या आतच वाट काढतं. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत त्याने कॉइल आणि इग्निशन मॉड्यूल दोन्ही जाऊ शकतात. त्यापेक्षा हे करा: थंड इंजिन चालू करा, मिनिटभर आयडलला ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी मॅनिफोल्डवर बोटाने पाण्याचे दोन थेंब सोडा. चालणाऱ्या सिलिंडरवर थेंब चुर्र करून नाचत उडतात. मेलेल्यावर ते नुसते ओघळतात, नाहीतर आळसावल्यासारखे पसरून बसतात. थेंबच हवेत, तांब्या नको. तापलेलं बीड पाणी ओतल्यावर तडकतं. सगळेच सिलिंडर सारखे कमीजास्त वाटले तर प्लग वायरींच्या मागे लागू नका. कॉइल ते डिस्ट्रिब्युटर जाणारी मधली वायर, रोटर (कॅपखाली फिरणारा तुकडा) किंवा कॉइल, यांतलं काहीतरी आहे.

चौथी पायरी त्या सिलिंडरचा प्लग काढून बघणं. बूट अर्धा फेरा डावीकडे-उजवीकडे फिरवून मग रबराला धरून ओढा. वायरीला धरून ओढलं की आतला कार्बनचा धागा क्लिपपाशी तुटतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. फिकट तपकिरी टोक चांगलं, काळं आणि ओलं असेल तर तिथे ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल जास्त येतंय. फिलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) गॅप, म्हणजे टोकांमधली फट, मोजा. मारुती ८०० ला ०.७ ते ०.८ मि.मी. गॅप लागतो, बाकी गाड्यांचा त्यांच्या पुस्तकात बघा. झिजून गॅप एक मि.मी.च्या पुढे गेला असेल तर त्या प्लगनेच वायरीवर जास्त ताण आणलाय. एलपीजीवर चालणाऱ्या ओम्नींमध्ये तर हे फार, कारण गॅसला ठिणगी उडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर मिसिंग, असं असेल तर प्लग आणि वायरींवर संशय घ्यायला हरकत नाही.

प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बाहेरून, वरून खाली पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर थांबा आणि त्याच प्लगच्या बुटात टॉर्च मारून बघा. तिथेही आतल्या भिंतीवर जुळणारी रेघ असते. ठिणगी बाहेरूनच घसरत बॉडीवर जात होती. ती रेघ कार्बनची आहे, पुसून जात नाही. अशा वेळी नुसता प्लग बदलला तर बुटातली रेघ नव्या प्लगवर आपला ठसा उमटवते, नुसती वायर बदलली तर उलट होतं. दोन्ही एकदम बदला. "नवे प्लग घातले तरी फरक नाही" या तक्रारीत पुष्कळदा हेच निघतं.

पाचवी पायरी रात्रीची. गाडी उघड्यावर, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये. इंजिन चालू करा, दिवे बंद करा, डोळे अंधाराला सरावू द्या. साध्या फवारणीच्या बाटलीने वायरींवर अगदी बारीक तुषार मारा, एका वेळी एकाच वायरीवर. ज्या वायरीवर तुषार पडताच इंजिन अडखळतं किंवा निळी ठिणगी लोखंडाकडे उडते, ती गेली. हात आणि सैल कपडे फॅन-बेल्टपासून लांब, वायरीला स्पर्श अजिबात नाही. पेट्रोलचा वास येत असेल तर ही चाचणी करूच नका. छातीत पेसमेकर बसवलेल्या माणसाने चालू इंजिनच्या इग्निशनजवळ उभंही राहू नये.

ही पायरी मल्टीमीटरच्या आधी ठेवलीय ती मुद्दाम. मल्टीमीटर नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. वायरीचा गाभा तुटलाय का हे तो सांगतो, आवरण फुटलंय का हे सांगूच शकत नाही. पावसाळ्यातली बरीचशी भानगड आवरणाची असते, आणि "मीटरला वायर चांगली दाखवत्या" म्हणून तीच वायर परत चढवली जाते.

तरीही मीटर लावायचाच. वायर दोन्ही टोकांनी काढून २० किलोओमच्या रेंजवर मोजा, आकडा दिसला नाही तर २०० किलोओमवर. कार्बन गाभ्याच्या वायरीला मीटर लांबीमागे साधारण १० ते २० किलोओम येतात, म्हणजे ६० सें.मी.च्या वायरीला ६ ते १२. मोजत असतानाच वायर दोन्ही टोकांपाशी वाकवून हलवा. आकड्याने उड्या मारल्या किंवा मीटर उघडं सर्किट दाखवायला लागला तर आत तुटलंय. एकाच सेटमध्ये लांबीच्या मानाने एकच वायर फार वेगळी असेल, समजा बाकीच्या ८-९ आणि ती ३०, तर तीही गेली. वायरीत टाचणी किंवा टेस्टरचं टोक खुपसून मोजू नका. त्या भोकातूनच पुढच्या पावसात ठिणगी बाहेर येईल.

शेवटी कॅप आणि रोटर नीट बघा. कॅपच्या मधोमध कार्बनचं बटण असतं, ते स्प्रिंगवर वरखाली झालं पाहिजे. झिजून सपाट झालं किंवा अडकलं असेल तर कॅप बदला. पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या टोकांवर पांढरा-हिरवा गंज, दोन टोकांच्या मधे केसासारखी काळी रेघ, तडा, यांतलं काहीही असेल तर घासत बसू नका. नवी कॅप आणि नवा रोटर एकत्र घाला. पद्मिनी, ॲम्बेसिडरला पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क, आहेत. ते जळून खड्डे पडले असतील तर ठिणगी मुळातच कमजोर येते. पॉइंटचा गॅप ०.४ मि.मी.च्या आसपास असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्या.

नवी वायर निवडताना

पहिला प्रश्न गाभ्याचा. बाजारात तीन प्रकार मिळतात. तांब्याच्या तारांचा, कार्बन भरलेल्या धाग्याचा, आणि बारीक तार गुंडाळलेला. तांब्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) जवळजवळ शून्य, कार्बनचा जास्त, गुंडाळलेल्या तारेचा मधला. जास्त रेझिस्टन्स म्हणजे वायर हलकी, हा गैरसमज आहे. तो मुद्दाम ठेवलेला असतो, नाहीतर प्रत्येक ठिणगीबरोबर वायर रेडिओच्या अँटेनासारखी वागते. रेडिओत खरखर येते, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन किंवा एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स गोंधळतं. अशा गाडीला नुसती तांब्याची वायर घालू नका, दुकानदार "करंट जास्त जातो" म्हणाला तरी.

पॉइंटच्या जुन्या गाड्यांना उलट भानगड. त्यांच्या प्लग कॅपमध्ये आत लाकडात घालायच्या स्क्रूसारखी खिळी असते, ती वायरीच्या तोंडातून तांब्याच्या तारांत पिळून बसवायची असते. लुकास कंपनीच्या काही जुन्या डिस्ट्रिब्युटर कॅपमध्ये बाजूने टोकदार स्क्रू वायरीत घुसतो. या दोन्हींना तांब्याचाच गाभा लागतो. कार्बनचा धागा स्क्रूभोवती धरत नाही, नुसता चुरा होतो. सुरुवातीला चालतं, मग तिथे छोटी ठिणगी उडत राहते आणि महिन्या-दोन महिन्यांत वायर मरते. आठवडाभर बरी चालून बिघडणाऱ्या गाड्यांत हा प्रकार हमखास सापडतो. तांब्याची वायर ठेवा आणि खरखर थांबवायला ५ किलोओमची रेझिस्टन्सवाली प्लग कॅप घ्या.

प्लगच्या नंबरात आर आहे का बघा. एनजीके आणि बॉशच्या नंबरातला आर म्हणजे प्लगच्या आतच रेझिस्टन्स आहे. कार्बनची वायर, रेझिस्टन्सची कॅप आणि आर प्लग हे तिन्ही एकावर एक चढवायची गरज नाही. पॉइंटवाल्या जुन्या कॉइलला तर हा भार नकोच.

दुसरा प्रश्न टोकांचा. वायर डिस्ट्रिब्युटर कॅपच्या बाजूला आत घुसते की टोपीसारखी वरून बसते, प्लगच्या बाजूला बूट सरळ आहे की काटकोनात, त्याची लांबी खोबणीच्या तोंडापर्यंत येते का, आणि क्लिप प्लगच्या नटावर बसणारी आहे की उघड्या आट्यांवर, हे चारही जुळायला हवं. आट्यांसाठीची क्लिप नटवाल्या प्लगवर जोर लावून बसवली की ती फाकते आणि पहिल्या खड्ड्याला उडते.

तिसरा लांबीचा. सुतळीचा तुकडा घ्या, जुन्या वायरीच्या रस्त्याने क्लिपांमधून फिरवा, दोन-तीन सें.मी. जादा धरा आणि मोजा. इंजिन माउंटिंगवर डुलतं, त्यामुळे ताणून बसणारी वायर ॲक्सिलरेटर मारला की सुटते. फार लांब वायर लोंबून मॅनिफोल्डवर पडते. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे खालून चिखल-पाण्याचा मारा होतो. तिथे लोंबती वायर चालतच नाही.

आवरण सिलिकॉनचं मिळालं तर घ्या. ते साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतं आणि कडक होत नाही. पण ते मऊ असतं, पत्र्याच्या कडेला घासलं की साध्या रबरापेक्षा लवकर कापतं, म्हणून क्लिपा शाबूत हव्यात. गाडीची मूळ वायर सात मि.मी. जाडीची असेल तर सातचीच घ्या. आठ मि.मी.ने पिकअप वाढत नाही, उलट ती जुन्या क्लिपांत आणि डिस्ट्रिब्युटर कॅपच्या रबरात नीट बसत नाही. लाल-पिवळ्या रंगाबद्दल बोलायलाच नको.

दुकानात जाताना जुना सेट पिशवीत घालून न्या, गाडीचं साल आणि कार्बोरेटर की एमपीएफआय ते सांगा, आणि मल्टीमीटर बरोबर ठेवा. काउंटरवरच प्रत्येक वायर मोजा. लांब वायरीचा आकडा जास्त आणि आखूडचा कमी, लांबीच्या प्रमाणात, असा आला पाहिजे. सगळ्यांचा भलताच वेगवेगळा आला किंवा क्लिप हलक्या ओढीने सरकली तर परत करा, मग डब्यावर कुणाचंही नाव असो. प्लग वायरींच्या सेटमध्ये कॉइलची मधली वायर आहे की नाही तेही विचारा. ती विसरली जाते.

बसवताना

एका वेळी एकच वायर काढा, तिच्याच लांबीची नवी तिथे बसवा, मगच पुढची. म्हणजे फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) पाठ असण्याची गरजच नाही. कुणी आधीच सगळ्या उपटून ठेवल्या असतील तर तीन सिलिंडरच्या मारुती ८०० ची ऑर्डर १-३-२, पद्मिनी आणि ॲम्बेसिडरची १-३-४-२. चार सिलिंडरच्या गाडीत ३ आणि ४ च्या वायरी, तसंच १ आणि २ च्या, एकमेकींना चिकटून समांतर नेऊ नका. त्या लागोपाठ पेटतात. तीनला करंट जाताना शेजारच्या चारमध्ये थोडं व्होल्टेज उतरतं, आणि चारमध्ये तेव्हा दाब नुकताच चढत असल्यामुळे तेवढ्यानेही ठिणगी पडू शकते. नव्या वायरी घातल्यावर गाडी ठोकायला लागली तर आधी हे बघा.

बुटाच्या तोंडाला आतून सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, ओल आत जात नाही आणि पुढच्या वेळी बूट सहज निघतो. बेअरिंगचं ग्रीस नको. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लग आधी बोटांनीच पूर्ण बसवायचा, पान्याने नवा प्लग वॉशर दबेपर्यंत साधारण अर्धा फेरा. हाताने फिरत नसेल तर आटे तिरके लागलेत, बाहेर काढून परत सुरू करा.

इथे थांबा आणि मिस्त्रीला बोलवा

प्लग, वायर, कॅप, रोटर सगळं ठीक आणि तरी तोच सिलिंडर मेलेला असेल तर कॉम्प्रेशन मोजायला हवं. व्हॉल्व्ह जळला असेल, रिंगा गेल्या असतील किंवा हेड गॅस्केट असेल. ते वायरीने सुटणार नाही, आणि तशीच गाडी ओढली तर खर्च वाढतो. प्लगचे आटे हेडमध्ये सुटले तर स्वतः टॅप घालू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इन्सर्ट (नव्या आट्यांची बुशी) घालून देणारे आहेत, त्यांचं काम त्यांना करू द्या. कार्बोरेटरमधून फाट्-फाट् ज्वाळ मागे येत असेल, टायमिंग हललं असेल, कॉइलच्या डोक्याला तडा असेल, इग्निशन मॉड्यूलचा संशय असेल, किंवा कुठेही पेट्रोल गळत असेल तर चावी काढून गाडी उभी करा. एलपीजीच्या किटला हात लावायचा नाही, ते किट बसवणाऱ्याचंच काम.

आणि गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल, २०१९ किंवा २०२१ सारखी, तर वायरी पुसून स्टार्टर मारू नका. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून पाणी बाहेर, ऑइल बदल, मगच इग्निशन, आणि हे सगळं गॅरेजमध्ये.